अमेरिकेतला शेजार

“पोरी, तुमच्या कॉलेजात अमेरिका शिकवतात का गं?”

बाईंनी हे विचारले तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात परातीला चिकटलेले पीठ खरवडत होते. मला वाटले, बाई थट्टा करताहेत. पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचा डावा हात अजून गळ्यात अडकवलेला होता.

“तशी नाही शिकवत,” मी म्हणाले. “राज्यशास्त्राला त्यांची घटना आहे थोडी.”

“घटना नको मला. तिथे कुठल्या राज्यात माणसं माणसांशी बोलतात, तेवढं बघून सांग.”

बाई म्हणजे आमच्या पेठेतल्या निवृत्त शिक्षिका. माझ्या आईला त्यांनी तिसरीत शिकवले. पुढे आईची शाळा सुटली, आणि बऱ्याच वर्षांनी ती बाईंच्याच घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. मी कॉलेजात आले ती बाईंमुळे. प्रवेशाचा फॉर्म भरताना ‘आईचे शिक्षण’ या रकान्यापाशी माझे पेन अडले. बाईंनी ते हातातून घेतले, ठळक अक्षरात ‘तिसरी’ असे लिहिले आणि म्हणाल्या, “माझ्या वर्गातली तिसरी आहे ती. लाजायचं काम नाही.”

गेल्या श्रावणात बाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. सकाळी सातला पडल्या आणि आई अकराला पोळ्यांना गेली तेव्हा सापडल्या. चार तास! भिंतीला भिंत लागून घरे असलेल्या पेठेत चार तास त्यांची हाक कुणाला ऐकू गेली नाही. शेजारच्यांचा टीव्ही चालू होता. आईकडे मागच्या दाराची किल्ली होती म्हणून निभावले.

बाईंना दोन मुलगे. थोरले दादा मिनेसोटा राज्यात, धाकटे टेक्सासमध्ये ह्यूस्टन शहराच्या बाहेर. दोघांनीही एकच धोशा लावला, “आई, आता एकटी राहायचं नाही. इकडे ये.” कुणाकडे जायचे, एवढाच प्रश्न उरला. “थंडी सोसेन, उकाडाही सोसेन,” बाई म्हणाल्या. “पण पस्तीस वर्षं मी वर्गात बोललेय. दिवसभर गप्प बसून नाही जगायची मी.”

आता एक कबुली देते. मी वाचायला बसले ती अमेरिकेला नापास करायच्या इराद्याने. कुठल्याच राज्यात कुणी कुणाशी बोलत नाही, असे सिद्ध झाले तर बाई जाणार नाहीत, असा माझा हिशेब होता. बाई गेल्या तर आईचे एक काम जाईल हे खरेच. पण माझे जे जाईल त्याला नाव देता येत नव्हते.

समाजशास्त्राच्या सरांना विचारले, तर त्यांनी ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक काढून दिले. रॉबर्ट पुटनम या प्राध्यापकांचे ‘बोलिंग अलोन’, प्रकाशन २००० सालचे. शब्दकोश शेजारी ठेवून मी रोज चार-पाच पाने वाची. नाव वाचून आधी काही उमगेना. मग कळले की तिकडे लाकडी फळ्यांवर जड चेंडू घरंगळवून बाटल्यांसारख्या सोंगट्या पाडायचा एक खेळ आहे, आणि पूर्वी लोक तो संघ करून, आठवड्याचा वार ठरवून खेळत. १९८० ते १९९३ या काळात हा खेळ खेळणारे दहा टक्क्यांनी वाढले, पण संघात खेळणारे चाळीस टक्क्यांनी घटले. म्हणजे खेळ राहिला, सोबत गेली! एवढ्याशा गोष्टीवरून पुटनम सांगतात की अमेरिकेतला एकमेकांकडे येणे-जाणे, सभेला जमणे, शेजाऱ्यावर विश्वास टाकणे हा सगळा व्यवहार आटत चालला आहे. या साठ्याला ते ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. मला शब्द आवडला. आमच्या घरात दुसरे कुठले भांडवल कधी नव्हतेच.

पुटनम यांनी या भांडवलाचा राज्यवार हिशेबही मांडला आहे. सार्वजनिक सभांना किती लोक जातात, घरी पाहुणे किती बोलावतात, मित्रांकडे किती वेळ काढतात, मतदान किती करतात, ‘बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो’ असे किती जण म्हणतात, अशी चौदा मापे लावून त्यांनी राज्ये क्रमाने बसवली. वर आली ती कॅनडाच्या बाजूची थंड राज्ये : नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, मिनेसोटा, मोंटाना, व्हरमाँट. तळाला गेली नेवाडा आणि दक्षिणेतली मिसिसिपी, लुइझियाना, जॉर्जिया, अलाबामा. टेक्सासही खालच्याच बाजूला.

हे वाचून मी चकित झाले. माझी समजूत अशी की उबेतली माणसे ओट्यावर बसतात आणि थंडीतली दारे लावून घेतात. येथे तर सारे उलटेच! नॉर्थ डकोटाचे क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक आणि लोकसंख्या आठ लाखांच्या आत. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंश. तरीही २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा लाखांहून अधिक अमेरिकनांच्या स्वभावाच्या चाचणीत, सगळ्यांत बोलके ठरले ते याच राज्याचे लोक. मला वाटते, शेजारचे घर मैलभर दूर असले आणि बर्फात गाडी रुतली, की माणसाला माणसाची किंमत कळत असावी. याच राज्यातल्या शेतकऱ्यांनी एकजूट करून १९१९ साली सरकारी मालकीची बँक काढायला लावली आणि १९२२ साली सरकारी पिठाची गिरणी. दोन्ही अजून चालू आहेत. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात वाढलेल्या मला हे लोक एकदम ओळखीचे वाटले.

म्हणजे थोरल्या दादांचे मिनेसोटा पास! माझा हिशेब चुकू लागला होता. पण पुढे वाचताना मला हवे ते सापडले. मिनेसोटाच्या लोकांच्या सौजन्याला तिकडे ‘मिनेसोटा नाइस’ असे नावच आहे. हसतील, वाट दाखवतील, बर्फात रुतलेली गाडी ढकलतील. पण त्यांच्यावर एक विनोदही आहे : मिनेसोटाचा माणूस तुम्हाला कुठलाही पत्ता सांगेल, फक्त आपल्या घराचा सांगणार नाही! त्यांची मैत्री शाळेतल्या वर्गापासून जमलेली. बाहेरून आलेल्याला त्या वर्तुळात शिरायला वर्षे लागतात, अशी तक्रार अनेक जण करतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटल शहराबद्दल तर अशा गोठलेल्या सौजन्याचा एक शब्दप्रयोगच रूढ झाला आहे, ‘सिॲटल फ्रीझ’. ‘एकदा भेटू या हं’ म्हणायचे आणि भेटायचे नाही. मी वहीत लिहिले : बोलणे म्हणजे बोलावणे नव्हे.

मग युटा. अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीने २०१८ साली असाच राज्यवार हिशेब केला, त्यात पहिला क्रमांक युटाचा. तिथे मॉर्मन पंथाची वस्ती मोठी. या पंथात प्रत्येकाला ठरावीक घरे नेमून देत आणि दर महिन्याला त्या घरी जाऊन विचारपूस करणे हे कर्तव्य असे. आता त्या प्रथेचे रूप सैल झाले आहे, पण सवय मुरलेली आहे. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने किती चांगली सोय! मात्र वहीत हेही लिहावे लागले की अशा ठिकाणी जो त्या पंथाचा नाही, त्याला भरल्या गावात एकटे वाटू शकते.

दक्षिणेच्या प्रकरणाशी मी अडखळले. पुटनम म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिथे गुलामगिरी अधिक होती, तिथे आजही हे भांडवल कमी आहे. वास्तविक दक्षिणेचे आतिथ्य साऱ्या अमेरिकेत प्रसिद्ध. पुढच्या ओसरीवर खुर्च्या टाकून बसण्याची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करण्याची पद्धत तिथलीच. पण त्या ओसरीवर कोणी बसायचे आणि कोणी पायरीखाली उभे राहायचे, हे शेकडो वर्षे ठरलेले होते. माणसांना एकत्र बसू द्यायचे नाही हाच जिथे कायदा होता, तिथे एकमेकांवर विश्वास कुठून उगवणार?

ते पान मी दोनदा वाचले. माझ्या आजीला आमच्याच गावात कुणाच्या ओट्यावर बसता येत असे आणि कुणाच्या नाही, हे मला अमेरिकेच्या पुस्तकातून आठवावे लागले! आपण आपल्या शेजारधर्माचे फार गोडवे गातो. पण तो धर्म कोणासाठी, हा प्रश्न तिकडे जसा आहे तसा इकडेही आहेच.

तरीही लुइझियानाला नापास करून पुढे जाववेना. क्रमाने हे राज्य तळाला. आणि २००५ साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा याच राज्यातले लोक मासेमारीच्या स्वतःच्या होड्या गाडीला जोडून निघाले आणि अनोळखी माणसांना छपरांवरून उतरवू लागले. लोकांनी त्यांना ‘केजन नेव्ही’ असे नाव दिले. नेव्ही कसली? ज्याच्याकडे होडी तो आरमाराधिकारी! पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने चार-पाच दिवसांत ह्यूस्टनच्या भागात काही ठिकाणी हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतला, तेव्हा हेच लोक राज्याची सीमा ओलांडून टेक्सासला धावले. ‘सभांना किती जाता’ या रकान्यात ती होडी कुठे बसते?

हे वाचताना मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. कृष्णा-कोयनेचे पाणी नदीकाठच्या आमच्या वस्तीत शिरले होते. मी तेव्हा सहावीत-सातवीत. बाईंनी आपली माडी उघडली आणि आम्ही चार कुटुंबे पाच दिवस तिथे राहिलो. एकाच चुलीवर सगळ्यांचे पिठले शिजे. पाणी ओसरले, आम्ही घरे धुऊन काढली, आणि महिनाभरात जो तो आपापल्या दारामागे गेला. पुरातला शेजार पुराबरोबर ओसरतो, हेही मी पाहिले आहे.

एव्हाना माझ्या मनात शंका उभी राहिली होती. राज्य हे मापच बरोबर आहे का? तिचे उत्तर शिकागोने दिले. हे शहर इलिनॉय राज्यातले. जुलै १९९५ मध्ये तिथे उष्णतेची लाट आली. पारा ४१ अंशांवर गेला. आपल्याला त्याचे काय, असे वाटेल; पण त्या आठवड्यात शिकागोत नेहमीपेक्षा ७३९ माणसे जास्त मेली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार. चोरांच्या भीतीने दारे-खिडक्या लावून बसलेले, कुणाला हाक न मारलेले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने यावर पुस्तक लिहिले. त्यात त्याने दोन लगतच्या वस्त्यांची तुलना केली आहे, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे वृद्ध पुष्कळ, डोक्यावर ऊन तेच. पण उत्तरेकडच्या वस्तीत लाखामागे चाळीस माणसे दगावली आणि दक्षिणेकडच्या वस्तीत चारांहूनही कमी. दहापट फरक, आणि मध्ये फक्त एक हद्द!

का? उत्तरेकडचे कारखाने बंद पडले होते, दुकाने गेली होती, लोक घरे सोडून गेले होते. मोकळ्या पडीक जागा, ओसाड रस्ते. म्हाताऱ्या माणसाने बाहेर पडून जायचे कुठे? दक्षिणेकडच्या रस्त्यावर मात्र दुकाने, भाजीवाले, मुलेबाळे, वर्दळ. तिथला म्हातारा उकडले की दुकानात जाऊन बसत असे, आणि एक दिवस दिसला नाही तर कुणाच्या तरी लक्षात येत असे. म्हणजे माणसे मुळात बोलकी किंवा घुमी नसतात. रस्ता त्यांना तसे करतो.

मी वाचून दाखवत होते आणि बाई डोळे मिटून ऐकत होत्या. “चार तास,” त्या एवढेच म्हणाल्या. माझ्या अंगावर काटा आला. शिकागो काय आणि आमची पेठ काय!

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आनंदीबाईंना बोलावलं ती बाई कुठल्या राज्यातली?”

मला उत्तर आले नाही याची लाज वाटली. बाईंनीच सांगितले : न्यू जर्सी. रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर. दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना एक मासिक चाळताना त्यांना गोपाळराव जोशांचे पत्र दिसले आणि त्यांनी उठून अनोळखी मुलीला पत्र लिहिले. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेला गेल्या त्या या बाईंच्या घरी. त्यांना त्या मावशी म्हणत. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या, आणि त्यांच्या अस्थी या मावशीने न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवल्या. पदवीदानाला गेलेल्या पंडिता रमाबाई तिकडे दोन-अडीच वर्षे राहिल्या आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहून गेल्या. बाईंच्या कपाटात त्याची प्रत आहे. आपल्या बायका शंभरांवर वर्षांपूर्वी जे बघून आल्या, ते मी इंग्रजीतून धापा टाकत शोधत होते!

आज तिकडे मराठी मंडळे आहेत, त्यांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९८१ पासून आहे. धाकटे दादा गणपतीला मंडळात जातात. पण मंडळ सणाला भेटते, आणि तेही मोटारीतून जाऊन. बाईंना माणूस हवे होते ते मंगळवारी दुपारी तीन वाजता.

शेवटी मी वही मिटली. “बाई, राज्याचं उत्तर नाही सापडलं. आणि खरं सांगू? मला तुम्ही जायला नको होतात. म्हणून वाईट तेवढंच शोधत होते.”

“ते कळलं होतं मला,” बाई म्हणाल्या. “तुझा निबंध तिसऱ्या ओळीतच कळतो. पण कामाचं काही सापडलं की नाही?”

सापडले होते. जेन जेकब्स या बाईंचे १९६१ सालचे पुस्तक सरांनी नंतर दिले होते. न्यूयॉर्कची माणसे उद्धट अशी ख्याती. पण जेकब्स राहत त्या हडसन स्ट्रीटवर लोक बाहेरगावी जाताना घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवून जात. कुणी गळ्यात पडत नसे, कुणी घरात डोकावत नसे. पण किल्ली ठेवायला जागा होती. बाईंनी हे ऐकले मात्र, आणि त्या ताठ बसल्या.

त्याच रात्री त्यांनी दोघा मुलांना फोन लावायला सांगितले. प्रश्न एकच : “तुझ्या घराची किल्ली घरच्यांशिवाय कुणाकडे असते?”

थोरले दादा गोंधळले. “आई, इथे आकड्यांचं कुलूप आहे. किल्ली लागतच नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “कुणाला गरज नाही पडली कधी.” ते वाईट माणूस नाहीत. सर्वांत वरच्या राज्यांपैकी एका राज्यात ते अकरा वर्षे राहतात.

धाकटे दादा म्हणाले, “समोरच्या मेक्सिकन आजींकडे. हार्वेत आमच्याकडे पाणी आलं तेव्हा पहिल्या रात्री आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर होतो. तेव्हापासून त्यांची आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे.”

खालच्या बाजूचे टेक्सास! बाई नोव्हेंबरात तिकडे गेल्या. सहा महिन्यांसाठी, उन्हाळ्यात परत येणार आहेत, निदान तसे म्हणतात.

परवा त्यांचा फोन आला होता. मी आधी विचारले ते हेच, “बोलतात का माणसं?”

“समोरची येते संध्याकाळची,” बाई म्हणाल्या. “तिला इंग्रजी माझ्याहून कमी येतं. ती तिची पोळी आणते, मी माझी. दोघी हातवारे करतो.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण दुपार मोठी असते गं. रस्त्याला पायवाट नाही. मोटारीशिवाय कोपऱ्यापर्यंत जाता येत नाही. खोटं कशाला सांगू?”

अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०२३ साली एकटेपणावर एक अहवाल काढला. एकाकी राहणे दिवसाला पंधरा सिगारेटींइतके घातक ठरू शकते, असे त्यात म्हटले आहे. तो अहवाल पन्नासही राज्यांसाठी आहे. मला वाटते, आमच्या पेठेलाही तो लागू पडेल.

बाईंच्या घराची किल्ली आमच्याकडे आहे. रविवारी मी आणि आई जाऊन खिडक्या उघडतो, तुळशीला पाणी घालतो. जाण्यापूर्वी आई आता पलीकडच्या एकट्या आजोबांच्या दारावर थाप मारते. काम काही नसते. आतून “कोण आहे?” असे ऐकू आले, की आम्ही घरी येतो.